सहावा रकाना

तिसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी आत्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यातला एसजीपीटी या यकृताच्या तपासणीचा आकडा आधीच्या आकड्याच्या जवळजवळ चौपट निघाला. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, हिमोग्लोबिन जेमतेम होते, पण यकृताने मान टाकली होती. दर एकवीस दिवसांनी तिला जी दोन औषधे शिरेतून दिली जात, त्यांपैकी लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन मुख्यतः यकृतामार्फत शरीराबाहेर पडते; यकृतच थकलेले असेल तर औषध अंगात रेंगाळते आणि त्याचा त्रास वाढतो. म्हणून डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली, पेन खाली ठेवले आणि विचारले, "माताजी, घर में और क्या-क्या चल रहा है?" आत्याने पदर सारखा करत शांतपणे उत्तर दिले, "कुछ नहीं डॉक्टरसाब, बस घर का खाना."

ती खोटे बोलत नव्हती, असे मला आजही वाटते. तिच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. बाकीचे जे काही चालू होते ती माणसांनी आणून दिलेली माया होती, आणि मायेचा हिशेब परक्या माणसाला द्यायचा नसतो.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी, तिच्या गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात श्रीखंडाचा एक जुना मोठा डबा होता. त्या संध्याकाळी मी तो जेवणाच्या टेबलावर उपडा केला, तेव्हा त्यातून अकरा वस्तू निघाल्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, गुळवेलीचा रस, अश्वगंधा, 'अँटिऑक्सिडंट' असे ठसठशीत लिहिलेली एक बाटली, केसांसाठी बायोटिन, गव्हांकुराची पूड, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, पपईच्या पानांच्या गोळ्या, चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर, एक साधी मल्टिव्हिटॅमिन, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली राखाडी चूर्णाची एक पुडी, जिच्यावर कोणाचेही नाव नव्हते. गुळवेलीच्या बाटलीचे बूच चिकट झाले होते आणि हळदीच्या कॅप्सूलची बाटली निम्मी संपली होती. बाकीच्यांची सीलसुद्धा फोडलेली नव्हती. हे पाहून मला जितके हायसे वाटले तितकेच वाईटही वाटले, कारण न घेताही तिने एकही वस्तू टाकली नव्हती.

आजाराचे निदान २०२४च्या दिवाळीच्या तोंडावर झाले. भाऊबीजेला माणसे आली ती ओवाळणीबरोबर काही ना काही घेऊन आली. देवासच्या काकांनी सियागंज बाजारातून जडीबुटी आणली, पुण्याच्या भाचीने परदेशी बाटल्या पाठवल्या, आणि साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या गल्लीतल्या एका बाईंनी तर पहिली बाटली पैसे न घेता दिली. त्याच महिन्यात एका माजी क्रिकेटपटूने आपल्या पत्नीचा कर्करोग कच्ची हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर सोडणे यांनी आटोक्यात आल्याचे जाहीर सांगितले आणि ती चित्रफीत आमच्या कुटुंबाच्या गटात दिवसातून तीनदा फिरू लागली. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, हा भाग मात्र फिरला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून असे निवेदन काढले की हळद आणि कडुनिंब कर्करोग बरा करतात या म्हणण्याला पुरेसा पुरावा नाही आणि रुग्णांनी त्यासाठी उपचार लांबवू नयेत. आमच्या गटात तेही कोणीतरी टाकले. त्यावर एक हात जोडलेली बाहुली आली आणि संभाषण पुन्हा हळदीवर गेले.

आत्या आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आली. टेबलावरचा पसारा पाहून ती न रागावता आत गेली आणि दुरेघी वही व पट्टी घेऊन आली. "आखून घे," ती म्हणाली. मी पाच रकाने आखले: वस्तू, आत काय, किती आणि केव्हा, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले. तिने पट्टी माझ्या हातून घेतली, ते पान फाडले आणि सहा रकान्यांचे नवे आखले. दुसरा रकाना तिचा होता, 'कोणी दिली'. मला तो निरर्थक वाटला होता. पुढे सर्वांत उपयोगी तोच पडला, कारण पुडीत काय आहे हे ती देणाऱ्यालाच विचारता येत होते.

हळदीच्या बाटलीपासून सुरुवात केली. भिंगातून वाचल्यावर कळले की एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क असून त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स आहेत, शिवाय ५ मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे काळ्या मिरीचा अर्क. आत्याने समासात त्रैराशिक मांडले. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर एका कॅप्सूलमधल्या ४७५ मिलिग्रॅमसाठी जवळजवळ सोळा ग्रॅम हळद लागेल, म्हणजे चहाचे पाच चमचे; दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे. "इतकी हळद तर आपल्याकडे लग्नातही लागत नाही," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. फोडणीतली चिमूटभर हळद आणि ही बाटली यांना एकच नाव असले तरी त्या एकच वस्तू नव्हेत, हे मी तिला तासभर समजावून जे साधले नसते ते त्या त्रैराशिकाने साधले.

मिरीचा भाग मला अधिक गंभीर वाटला. नुसते कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा त्याची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोहोचणारे प्रमाण, २००० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी नोंदवले. उत्पादक हाच आकडा अभिमानाने सांगतात. परंतु पायपरिन हे काम अंशतः ज्या मार्गाने करते, तो मार्ग केवळ हळदीसाठी राखीव नाही. आतडे आणि यकृतातली जी विकरे परक्या पदार्थांची मोडतोड करतात, त्यांना ते मंदावते, आणि त्यांतले सीवायपी ३ए४ नावाचे विकर तर केमोच्या कितीतरी औषधांचीही विल्हेवाट लावते. आत्याला पुढच्या टप्प्यात दर आठवड्याला मिळणार होते ते पॅक्लिटॅक्सेल त्यांपैकीच एक. मोडतोड मंदावली तर औषध ठरल्यापेक्षा जास्त वेळ रक्तात राहणार, आणि उलट ती वेगाने झाली तर औषध काम करण्याआधीच संपणार. आपले वैद्य औषधाइतकाच विचार अनुपानाचा करत. कशाबरोबर घ्यायचे यावर गुण ठरतो हे त्यांना ठाऊक होते. दुधाबरोबर मासे न खाणारे आमचे घर, जे विरुद्धाहाराच्या धाकात तीन पिढ्या वाढले, ते केमो चालू असताना अकरा वस्तू घरात घेताना एकदाही थबकले नाही, याची मला अजून गंमत वाटते आणि थोडी लाजही.

याच हळदीबद्दलचा २००२ सालचा एक प्रयोग आमच्या डॉक्टरांनी पुढे सांगितला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत, आणि तशाच गाठी वाढवलेल्या उंदरांवर, कर्क्युमिनमुळे केमोच्या औषधांचा परिणाम घटलेला दिसला. त्या औषधांत डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड होती, म्हणजे नेमकी आत्याची जोडी. याउलट कर्क्युमिनने औषधाला मदत झाल्याचे प्रयोगशाळेतील निष्कर्षही आहेत, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांनी लगेच जोडले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: फायदा सिद्ध नाही, तोटा शक्य आहे आणि उपचार सहा महिन्यांचा आहे, तेवढे दिवस बाटली कपाटात राहिली तर काही बिघडत नाही.

'अँटिऑक्सिडंट' बाटलीपाशी मात्र आत्या अडली. शरीरातले विष मारणारी वस्तू वाईट कशी, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर औषधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. डॉक्सोरुबिसिन अनेक प्रकारे पेशी मारते, आणि त्यांतला एक प्रकार म्हणजे पेशीत मुक्त कणांचा भडका उडवणे. अँटिऑक्सिडंट हेच कण निष्प्रभ करतात; म्हणजे आपण एका हाताने पेटवायचे आणि दुसऱ्या हाताने विझवायचे, असा हा व्यवहार होण्याची भीती असते. अमेरिकेत ११३४ स्त्रियांच्या उपचारांबरोबर त्यांच्या गोळ्यांचीही नोंद ठेवली गेली आणि २०२०मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यांना डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड आणि पॅक्लिटॅक्सेल हीच औषधे मिळत होती. जीवनसत्त्व अ, क, ई किंवा कोएन्झाइम क्यू-१० यांसारखे पूरक पदार्थ उपचाराच्या आधी आणि उपचार चालू असतानाही घेणाऱ्यांमध्ये रोग परत येण्याकडे कल अधिक दिसला. ही केवळ नोंद होती, मुद्दाम दोन गट पाडून केलेली चाचणी नव्हती, आणि आकडाही निर्णायक म्हणण्याच्या सीमेवरच होता. तरी 'घेतले तर बिघडले कुठे' असे म्हणण्याची सोय त्याने राहू दिली नाही.

त्या आठवड्यात मी जे वाचले, त्यात सर्वांत जास्त हादरवले ते मात्र वेगळ्याच वनस्पतीने. उदास मनःस्थितीवर युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती सर्रास घेतली जाते. नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, इरिनोटेकॅन हे केमोचे औषध घेणाऱ्या पाच रुग्णांना ती वनस्पतीही दिली गेली, तेव्हा औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातले प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. येथवर ठीक. पण त्या काळात रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या नाहीत. म्हणजे केमो त्यांना सोपी गेली. केमो सोपी गेली, कारण ती पुरती पोहोचलीच नव्हती. आमच्या गटात ज्या साक्षी फिरत होत्या, 'ही कॅप्सूल सुरू केली आणि केमोचा त्रासच झाला नाही', त्या मी यानंतर दुसऱ्या डोळ्यांनी वाचू लागलो. त्रास कमी होणे ही रुग्णाला हवीशी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी उलट्यांवरची, ॲसिडिटीवरची चांगली औषधे आहेतही. पण एखाद्या बाटलीच्या बाजूने ती साक्ष म्हणून उभी राहू शकत नाही.

गुळवेलीचा प्रश्न वादाचा निघाला. कोविडच्या काळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी असा मुद्दाही पुढे आला. मला वाटते, वहीतल्या त्या ओळीपुरता हा वाद दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी येतो. बाटलीतली वेल कोणती, हे आत्याच्या टेबलावर बसून ठरवता येत नव्हते, आणि तिचे यकृत तक्रार करत होते.

लेबले वाचताना एक गोष्ट नव्याने कळली. हळदीच्या बाटलीवर खाद्यसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक होता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की हे औषधी वापरासाठी नाही. पूरक आहारासाठीच्या २०१६च्या नियमांनी ते लिहिणे बंधनकारक आहे. गुळवेलीच्या बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना होता. म्हणजे एकाच डब्यात कायद्याने अन्न असलेली एक वस्तू, कायद्याने औषध असलेली दुसरी, आणि कायद्याला ठाऊकच नसलेली पुडी शेजारी नांदत होत्या, आणि घर त्या तिघींनाही 'ताकदीचे' म्हणत होते. पुडीबद्दल काकांना फोन केला, तर ती त्यांना कोणी दिली हेच त्यांना नीट आठवेना. चमचाभर मधातून घ्यायची एवढे आठवत होते. अमेरिकेतील बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्या उत्पादनांना निदान लेबल तरी होते. पुडी आत्याने स्वतः उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि तिच्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारली.

बायोटिनची बाटली मला सर्वांत निरुपद्रवी वाटली होती. केस गेल्यावर बायका ती घेतात, यात नवल काय? पण मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांची आकडेवारीच बिघडवते, हृदयाच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनचीसुद्धा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये दिलेला आहे. हृदयावर परिणाम करू शकणारे लाल औषध चालू असताना असा खोटा आकडा मिळणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी ती पाहिली, हसले नाहीत, आणि रुग्णालयातल्या क्लिनिकल फार्मासिस्ट मुलीला बोलावून घेतले. तिने ओळीओळीने विचारणा केली आणि आत्याच्या केमोच्या कागदाशी प्रत्येक घटक ताडून पाहिला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २००२पासून चालवलेली वनौषधींची माहितीसूचीही तिने उघडली, जी कोणालाही विनामूल्य पाहता येते. सहावा रकाना हळूहळू भरला. हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, अश्वगंधा, अँटिऑक्सिडंट, ग्रीन टीचा अर्क आणि पपईच्या गोळ्या बंद. बायोटिन बंद. गव्हांकुराची कच्ची पूड नको, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत न शिजवलेल्या गोष्टींतून जंतुसंसर्गाचा धोका असतो. प्रोटीन पावडर चालेल, पण ही नव्हे, हिच्यात बारा वनस्पती घातल्या आहेत, साधी घ्या. मल्टिव्हिटॅमिन सध्या थांबवा. जेवणातली हळद, आले, लसूण नेहमीसारखे खा. आणि शेवटी त्यांनी स्वतःहून एक बारावी ओळ लिहायला लावली, जीवनसत्त्व ड, कारण तपासणीत ते खरोखरच फार कमी निघाले होते. "म्हणजे यांचा गोळ्यांना विरोध नाही," आत्या मला मराठीत म्हणाली, जणू एखाद्या मुलाचा पेपर पुन्हा तपासून तिने दोन गुण वाढवले असावेत.

एसजीपीटी दहा दिवसांत उतरले. ते गुळवेलीमुळे चढले होते, हळदीमुळे, की केमोमुळेच, याबद्दल डॉक्टरांनी कोणालाही दोषी ठरवले नाही. एकाच वेळी इतक्या गोष्टी पोटात असल्या की गुन्हेगार सापडत नाही, एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या केमोच्या दिवशी डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर उज्जैनचे एक गृहस्थ होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग होता आणि पेमेट्रेक्सेड चालू होते. गप्पांत त्यांनी सांगितले की डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायला लावली आहे, पहिल्या केमोच्या आठवडाभर आधीपासून, आणि बी-१२चे इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी. आत्याचे डोळे चमकले. तिच्या थांबवलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ही दोन्ही होती. तिने फार्मासिस्ट मुलीला हाक मारून जाब विचारला. मुलीने खाली बसून सांगितले की पेमेट्रेक्सेड पेशींचा फोलेटचा वापर अडवते, आणि बाहेरून ही जीवनसत्त्वे दिली नाहीत तर निरोगी पेशींवर त्याचा मार असह्य होतो, म्हणून त्या औषधाबरोबर ती द्यावीच लागतात. याउलट कॅपेसिटॅबिनसारख्या दुसऱ्या एका गोळीबरोबर तेच फॉलिक ॲसिड घेतले तर जुलाब आणि हातापायांची साल जाणे वाढू शकते. एकच गोळी, तीन खुर्च्या, तीन उत्तरे. आत्याने पिशवीतून वही काढली आणि सहाव्या रकान्याच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांत लिहिले: 'फक्त माझ्यासाठी'.

उरलेला उपचार कंटाळवाणा आणि म्हणूनच चांगला गेला. पॅक्लिटॅक्सेलच्या आठवड्यांत बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा ॲसिटिल-एल-कार्निटिनच्या गोळ्या पुण्याहून कुरिअरने आल्या. मज्जातंतूंसाठी त्या सर्रास सुचवल्या जातात. ४०९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र याच गटातील औषधांबरोबर त्या घेणाऱ्यांच्या मुंग्या वाढल्याचे आढळले होते. ती ओळ वहीत सीलबंदच नोंदली गेली. आत्याने भाचीला फोन करून सांगितले की बाटली पोहोचली, फार बरे वाटले, आणि औषध डॉक्टरांनी सध्या नको म्हटले आहे. दोन्ही वाक्ये तिने एका दमात म्हटली. मला वाटते ही युक्ती तिला त्या दुसऱ्या रकान्याने शिकवली. देणाऱ्याचे नाव लिहून झाले की वस्तू न घेण्याचे ओझे हलके होते.

अंगणात आमच्याकडे सदाफुली आहे. गल्लीतल्या त्या बाई परवा येऊन म्हणाल्या की हिची पाने रोज सकाळी चावली तर कर्करोग परत येत नाही, आणि शिवाय नैसर्गिक. आत्याने त्यांना चहा दिला आणि सांगितले की सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन काढतात, ते केमोचेच औषध आहे, आणि ते शरीराचे क्षेत्रफळ मोजून मिलिग्रॅममध्ये देतात. पानात किती आहे ते मला मोजता येत नाही. बाई गेल्यावर तिने वही काढली, सतरावा क्रमांक घातला, 'सदाफुलीची पाने' लिहिले, दुसऱ्या रकान्यात बाईंचे नाव लिहिले, आणि पुढच्या महिन्याच्या तपासणीच्या फायलीत वही सरकवून ठेवली. सहावा रकाना कोराच होता.